पेडगावच्या फटफटीचा तिसरा गिअर

मित्रांनो, पेडगावात आश्रुबांच्या गोठ्यात लाल्या बैलाच्या शेजारी जी जुनी फटफटी उभी दिसते ना, ती मीच. टाकीचा रंग उडालाय, सीट फाटलंय, तरी मला भंगार म्हणायचं काम नाही, सांगून ठेवते! अजून एका किकमध्ये सुरू होते मी. बरं, दोन म्हणा. थंडीत तीन.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. सुटे भाग जोडले, तेल पाजलं आणि दिलं पाठवून. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते ब्याऐंशी साली, आश्रुबांचा थोरला मुलगा बन्सीधर मला घरी घेऊन आला तेव्हा. त्याची आई धुरपताबाई दारातच उभी होती. तिनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, टाकीला कुंकू लावलं आणि काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवून माझ्या पायात बांधला. बैलाच्या पायात बांधतात ना, तसाच. आता फटफटीचा पाय कुठला? बन्सीधर बुटानं गिअर टाकायचा, तो दांडा तिला माझा पाय वाटला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. कारखान्यात कुणी माझी दृष्ट काढली नव्हती.

बन्सीधरला शर्यतीचं भारी वेड. झरीच्या जत्रेत बैलांचा शंकरपट संपला की त्याच मैदानात पोरं फटफट्या पळवायची. धुरळा असा उडायचा की कोण पुढं, कोण मागं काही दिसायचं नाही. पहिल्या साली आम्ही झकास पळालो. लोकांनी शिट्ट्या मारल्या. धुरपताबाईला वाटलं, एवढी वाहवा झाली म्हणजे दृष्ट लागणारच. मग काय, दर अवसेला जुन्या दोऱ्यावर नवा दोरा आणि नवा बिब्बा. सगळं तेलामातीनं माखून काळंठिक्कर झालं. दोरा कुठला आणि लोखंड कुठलं, तेही कळेना.

आणि तिथंच घोटाळा झाला. माझा पहिला गिअर खाली दाबून बसतो, त्याला काही अडचण नव्हती. पुढचे मात्र दांडा वर उचलून टाकावे लागतात. बन्सीधर दांडा उचलायचा आणि बिब्ब्यांचं गाठोडं जाऊन इंजिनाला अडायचं. दुसरा कसाबसा बसायचा. तिसरा अर्धाच बसायचा आणि जोर लागला की फटकन सुटायचा. मग इंजिन नुसतं बोंबलायचं आणि चाक ढिम्म! चौऱ्याऐंशीच्या जत्रेत ऐन वळणावर हेच झालं. सायकलवाल्या पोरांनीसुद्धा आम्हाला हसून घेतलं.

आश्रुबा मुळातच माझ्यावर नाराज. त्यांच्या लाल्याचा जोडीदार म्हातारा होऊन गेला होता आणि शेताला बैल हवा होता. ते म्हणाले, "बन्सी, आता बास झालं. येत्या जत्रंत ही नीट पळाली तर ठिऊ. न्हाई तर सेलूच्या बाजारात द्यायची आन् बदल्यात बैल आणायचा."

"आबा, गिअरचं दुखणं हाय. बरं होतंय की ते," बन्सीधर म्हणाला. आवाज मात्र पडलेला.

बाजारात कोण घेईल मला? घेतलं तरी दारात कोण कुंकू लावील?

मग आम्ही सेलूला भुजंग मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री हुशार, पण गर्व असा की विचारू नका. त्यानं पेचकस माझ्या अंगाला टेकवून त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. गिअरचं तेल तळहातावर घेऊन बोटांनी चोळलं, लोखंडाचा चुरा आहे का बघितलं. "दाते खाल्ले हिनं," असा निकाल देऊन त्यानं माझं पोट उघडलं. दाते शाबूत! "मंग स्प्रिंग ढिली." स्प्रिंग बदलली. मी ओरडून सांगत होते, अहो, पोटात काही नाही, पाय बघा पाय! पण फटफटीचं ओरडणं म्हणजे लोकांना नुसता आवाज. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

गंमत पुढेच आहे. माझं पोट उघडायचं म्हणजे दांडा काढावा लागतो. भुजंगच्या हाताखालचा माणूस तो रॉकेलनं धुवायचा आणि काळी घाण समजून दोरा-बिब्बे खरवडून फेकून द्यायचा. मग सेलूच्या रस्त्यावर मी हरणासारखी पळायचे. बन्सीधर खूश होऊन घरी यायचा. धुरपताबाईला दोरा दिसायचा नाही. "अगं माय, सोडला कुणी?" म्हणत ती जाड दोरा बांधायची, दोन-तीन बिब्बे घालून. दुसऱ्या दिवशी तिसरा गिअर पुन्हा फटकन!

दोनदा असं झाल्यावर भुजंग चिडला. "सेलूत पळती आन् पेडगावात अडती? गाडी न्हाई, आता तुमचं गावच उघडून बघावं लागंल!" असं म्हणून जत्रेच्या आदल्या दिवशी तो हत्यारं घेऊन घरीच आला. दांड्यावरची काळी घाण खरवडून धुतली, नट आवळले, चक्कर मारली. सगळं ठीक. तो चहाला बसला, तेवढ्यात धुरपताबाई दोरा घेऊन आली आणि माझ्या पायाशी बसली.

"मावशी, काय करायलाव?"

"काय न्हाई रं. पायात बांधायलेय. उद्या जत्रा हाय, लय डोळे असत्यात."

भुजंगनं कप खाली ठेवला आणि जमिनीवर आडवा झाला. "बन्सी, दांडा वर उचल." टक्! बिब्बा इंजिनाला आपटला. "परत उचल." टक्!

तो पोट धरून हसायला लागला. बन्सीधरही हसला, पण लगेच त्यानं आईकडे बघितलं. धुरपताबाईचा चेहरा एवढासा झाला होता. "म्हंजी मीच बांधून घातली व्हय हिला? मीच आडवी आले माझ्या लेकराला?"

मला रडू आलं, मित्रांनो. त्या दोऱ्यामुळं मी हरले होते, पण त्याच्याइतकं मायेचं माझ्या अंगावर दुसरं काही नव्हतं.

भुजंगनं कात्री मागितली. तेव्हा आश्रुबा ओसरीवरून उठले. "तोडू नगं," म्हणाले. त्यांनी स्वतः गाठ सोडली आणि दोरा माझ्या हँडलला बांधला. "पायात न्हाई, शिंगाला बांधू. हिलाबी शिंगं हायतच की." मग बन्सीकडे वळून म्हणाले, "पण उद्या अडली तर बाजार ठरल्याला हाय."

दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर बन्सीधरनं दांडा उचलला. तिसरा गिअर खट्ट बसला. आणि बसला तो बसलाच! आमचा दुसरा नंबर आला. सेलूचा एक गाडीवाला चार हात पुढं होता. असू द्या, त्याचीही आई असेल. आश्रुबांनी नंबर विचारलाच नाही. गर्दीतून वाट काढत आले आणि म्हणाले, "तिसरा सुटला न्हाई ना?" बन्सीनं मान हलवली. "मंग चला घरी."

बाजार टळला. शेजारच्या सितारामचाही एकच बैल होता. दोघांनी सावड केली, एकमेकांच्या बैलांची जोडी जुळवून दोघांची शेतं नांगरली. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी आश्रुबांनी लाल्याचे खांदे तूप-हळदीनं मळले, आणि तोच तुपा-हळदीचा हात माझ्या हँडलवर फिरवला. कुणी बघितलं नाही. लाल्यानं बघितलं, पण तो बोलत नाही.

आता मी शर्यतीत पळत नाही. बन्सीधर मला बाजारहाटाला नेतो, रविवारी पुसतो. धुरपताबाईचे हात थरथरतात, तिला गाठ मारता येत नाही. म्हणून अवसेला ती दोरा ओवून देते आणि आश्रुबा बांधतात.

मित्रांनो, आपल्या माणसाला, जनावराला, यंत्राला मायेनं जरूर बांधा. पण आश्रुबांसारखं बांधा. ते दोरा बांधण्याआधी दर वेळी खाली वाकतात, माझ्या दांड्याभोवती बोट फिरवतात आणि पुटपुटतात, "थांब गं, आधी पाय मोकळा हाय का बघू दे."