टाकीतली हवा

मुलुंडच्या त्या इमारतीत बोअरवेलचं पाणी येई. जमिनीखालच्या टाकीत त्याचे पांढरे थर इतके घट्ट बसले होते की खरवडून निघेनात. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी मार्तंड यांनी तळाशी उरलेल्या पाण्यात वरूनच ॲसिडचे कॅन ओतले. पाणी सोड्यासारखं फसफसलं. फेस बसल्यावर ते ब्रश घेऊन शिडीने खाली गेले, घासायला वाकले आणि तिथेच कोसळले.

"आई! बाबा पडले!" ओजस ओरडला.

कुंदा धावत खाली आली. पार्ल्याच्या कॉलेजात ती केमिस्ट्री शिकवायची. रिकामे कॅन दिसताच काय झालं ते तिला कळलं. पाणी आणि चुन्याचे थर जो कार्बन डायऑक्साइड धरून असतात, तो आम्ल पडलं की टिकत नाही, बुडबुडे होऊन सुटतो. हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशीच साचतो. मार्तंड त्यातच पालथे पडले होते.

ओजसने शिडीवर पाय टाकला. तिने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं.

"सोड ना! एक मिनिट लागेल मला!"

"खाली श्वास घ्यायला हवाच नाही रे! तूही पडशील!"

"बाबा मरतायत तिथे!"

तो हिसके देऊ लागला. तिने दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला मिठी घातली आणि जमिनीवर बसकण मारली. "गुणाजीभाऊ, पंक्चरवाल्याची हवेची नळी आणा! फायर ब्रिगेडला फोन लावा!" ती शेजाऱ्यांना ओरडून सांगत होती. मुलाच्या कोपराने तिचा ओठ फुटला, तरी मिठी सुटली नाही. तिथून तिला नवऱ्याची पाठ दिसत होती. ती हलत नव्हती.

गुणाजींनी नळी आत सोडली. हवा सूं सूं करत राहिली. जवान आले, पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा मास्क तोंडाला लावून उतरले आणि मार्तंडना वर घेऊन आले. हॉस्पिटलात डॉक्टरांनी ते आधीच गेल्याचं सांगितलं.

दहाव्याचे विधी आटोपून परतताना ओजस पहिल्यांदा बोलला. "मी उतरलो असतो तर?"

"तूही गेला असतास."

"नक्की?"

"नक्की," कुंदा म्हणाली.

तो पुढे चालू लागला. एक मिनिट लागेल, असं तो तेव्हा म्हणाला होता; तेवढं पुरलं असतं का, हे तिला कधीच कळणार नव्हतं. रस्त्याकडेच्या कठड्याला धरून ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.