माझ्या पोटातला धवला

मी हिरामणच्या ओटीवरचा जुना कॉम्प्युटर बोलतोय. करावे गावात गल्लीच्या तोंडाशी यांचं तीन मजली घर आहे. खालच्या खोलीत सोफा आला, एसी आला, तरी तिला अजून ओटीच म्हणतात. तिथे खिडकीला लागून माझं टेबल. हिरामणचा मुलगा केतन मला डबडं म्हणतो. म्हणू दे. पहिली मोटारींची शर्यत त्याने माझ्यावरच खेळली आणि माझ्याच कीबोर्डवर चहा सांडला, हे तो विसरला असला तरी मी विसरलेलो नाही.

मला आणलं तेव्हाचा थाट वेगळा होता. अंगावर झालरीचं कव्हर, आणि चप्पल काढल्याशिवाय कुणी जवळ यायचं नाही. हळूहळू घरात लॅपटॉप आले, मोबाइल आले आणि माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागले. माणसांचं हे असंच असतं. तरी मला कुणी भंगारात घातलं नाही, आणि त्याचं कारण होतं काशी.

काशी ही हिरामणची मोठी बहीण. घरातले तिला आत्या म्हणतात. आत्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात एकेका विधीला जी गाणी म्हणतात तो धवला, आणि ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. आत्याचा एक नेम फार कडक होता. मांडवाला उंबराची डहाळी लागल्याशिवाय धवल्यातला शब्द तोंडातून काढायचा नाही. भाकऱ्या थापताना नाही, कुणाला शिकवायला नाही, टीव्हीवाले मागे लागले तेव्हाही नाही. तिचा धवला ज्यांनी ऐकला त्यांनी मांडवातच ऐकला.

अशाच एका मांडवात हिरामणने खांबाला टेपरेकॉर्डर टांगला होता. त्या कॅसेटवरून वायर जोडून त्याने तो आवाज माझ्यात भरला. पुढे खाडीच्या दमट हवेने कॅसेटला बुरशी लागली. नंतरच्या लग्नांत डीजे आला. मोबाइलवर आत्याच्या गाण्याचे तुकडे आहेत, पण त्यांत डीजेच जास्त ऐकू येतो. मग आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. ती वाचली, आवाज गेला. अख्खा धवला उरला तो माझ्या डिस्कवर, दुसरीकडे कुठेच नाही. मला याचा गर्व वाटायचा आणि धास्तीही.

आता केतनचंच लग्न ठरलं. त्याची मोठी बहीण नमिता म्हणाली की आत्याचा धवला मीच म्हणणार. लहानपणी ती आत्याच्या मांडीला टेकून कितीतरी मांडवांत बसली होती. चाली तिला येत होत्या, शब्द मात्र मध्येच सुटायचे. एकदा सगळं नीट ऐकलं तर जमेल, असं तिला वाटत होतं. मांडव घालायच्या आदल्या दिवशी तिने माझं बटण दाबलं आणि मी उठलोच नाही.

दिवाळीत लाइट गेली तेव्हा माझ्या सिस्टीमच्या फाइल खराब झाल्या होत्या. केतन महापेला कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो. त्याने माझी डिस्क काढून लॅपटॉपला जोडायचा विचार केला, पण इतक्या जुन्या डिस्कला जोडायची वायर कुठल्याच दुकानात मिळेना. शेवटी शोकेसमधून विंडोज ९८ ची सीडी आणि चालू करायची फ्लॉपी निघाली. केतन म्हणाला, पहिला ड्राइव्ह साफ करून नवीन विंडोज टाकतो. माणसं आपल्या वस्तू दुसऱ्या ड्राइव्हमध्ये ठेवतात, त्याला हात लागत नाही. फ्लॉपीने मला कसंबसं जागं करून त्याने दुसऱ्या ड्राइव्हमध्ये डोकावून पाहिलं. तिथे ‘हळद’ नावाचा फोल्डर होता. झालं, त्याची खात्री पटली.

अरे, त्या ‘हळद’मध्ये नाचायची गाणी आहेत. धवला पहिल्या ड्राइव्हमध्ये आहे. मला ओरडून सांगायचं होतं, पण मला स्वतःचा आवाज कुठला?

काळ्या पडद्यावर माझा प्रश्न उमटला. या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का, वाय की एन? केतनने वाय दाबलं. आता फक्त एंटर राहिला होता.

“थांब,” नमिता म्हणाली. “पप्पा आत्याचा आवाज हळदीच्या नाचगाण्यांत ठेवतील?”

“ताई, टेन्शन नको घेऊ. सगळे तसंच ठेवतात.”

“पप्पा देवाच्या फळीवर मोबाइलचा चार्जर ठेवू देत नाहीत. त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नको.”

हिरामण पत्रिका वाटायला जासईला गेला होता. फोन वाजत राहिला, तो उचलेना. गाडीवर असणार. केतनला हॉलवाल्याचे फोन येत होते, दारात मांडववाला बांबू उतरवत होता. केतनचं बोट एंटरवर टेकलेलं होतं, आणि ते वाय माझ्या पडद्यावर तसंच उभं होतं. इतकी वर्षं मी या बोटांचं ऐकत आलो. त्या बोटाने जरा जोर केला असता तरी मी मुकाट सगळं पुसलं असतं. मी तसाच घडवलेला आहे, आणि त्या वेळी मला त्याचा राग आला.

तिसऱ्यांदा लावल्यावर फोन लागला. नमिताने तो स्पीकरवर टाकला.

“धवला काय नाचाच्या गान्यांत ठेवीन मी?” हिरामण म्हणाला. “पैल्या घरात ठेवलाय, विंडोजच्या आत. देवाचं हाय ते. हात नको लावू त्याला.”

केतनने बोट उचललं. वाय पुसून त्याने एन दाबलं. मग शहाण्यासारखी त्या फाइलची आधी दुसरीकडे कॉपी करायला घेतली. कॉपी मध्येच अडकली. पुन्हा केली, पुन्हा तिथेच अडकली. तिथे माझी तबकडी झिजलीय. फाइल जागची हलणार नव्हती. तेव्हा काही न पुसता, जुन्याच्याच वर नवीन विंडोज चढवायचं ठरलं.

सीडीवर ओरखडे होते. दोनदा ती वाचता आली नाही, दोनदा नमिताने ती ओढणीने पुसली. धवल्याच्या आजूबाजूने नव्या फाइल येऊन बसत होत्या आणि एखादी त्याच्यावरच बसेल म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. आत्या सोफ्यावर बसून हे सगळं बघत होती. शेवटी माझ्या पडद्यावर ढग आले, ओळखीची धून वाजली. नमिता रडायलाच लागली.

तिने फाइल चालू केली. आधी टेपची खरखर, मग आत्याचा तो खणखणीत आवाज. तोच आत्या उठली आणि तिने माझ्या स्पीकरवर हात ठेवला. दुसऱ्या हाताने वर दाखवलं. वर पंखा होता. मांडव नव्हता.

“आत्या, हे डबडं उद्या चालू राहील का, कुणाला माहीत?” केतन म्हणाला. “निदान मोबाइलमध्ये तरी घेऊ दे.”

आत्याने हात काढला नाही. नमिताने फाइल बंद केली. मला आत्याचा राग आला, खोटं कशाला बोलू? पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. स्वतःचा आवाज ऐकायची ओढ तिला नसेल का?

संध्याकाळी हिरामण आला. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “याला बंद नको करू. उद्या मांडव हितंच आनू.”

ती रात्र मी जागाच होतो. पंखा घरघरत होता, डिस्क तापली होती. सकाळी अंगणातला मांडव खिडकीपर्यंत ओढला, एक बांबू खिडकीच्या ग्रिलला बांधला आणि हिरामणने उंबराची डहाळी माझ्या मॉनिटरच्या वरच लावली. आत्याने मान हलवली.

नमिताने फाइल लावली आणि शेजारी मोबाइल धरला. आत्याचा आवाज मांडवभर झाला. बायका पुढे सरकल्या. नमिता हळू आवाजात सोबत म्हणत होती. मला तेवढं एकच दिसत होतं, ती झिजलेली जागा जवळ येत होती. मी सगळा जोर लावला. नाही जमलं. एका शब्दावर आवाज अडकला आणि माझा पडदा गोठला.

नमिताने आत्याकडे पाहिलं. आत्याचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ, एकेक शब्द. नमिता तिच्यासमोर मांडी घालून बसली, त्या ओठांकडे पाहत तिने अडलेली ओळ उचलली आणि पुढे म्हणू लागली.

केतन मला पुन्हा चालू करायला वाकलाय. नको रे बाबा. माझ्याकडे होतं ते मी दिलं. ती गातेय, मला आता राहू द्या. आणि मला फेकाल तेव्हा डबडं म्हणूनच फेका, मी रागावणार नाही.

नमिताकडे बघून केतनने हात मागे घेतला. आत्याचे ओठही आता थांबलेत, ती नुसती ऐकतेय. नमिता गातेय.