बिजवराची चौकशी

या, असे जवळ सरका. दाराशी उभे आहात तेही पुढे या, भिंतीला टेका, पाय मोकळे सोडा. आज एका राजकन्येच्या सोयरिकीची गोष्ट आहे. राजकन्या खोटी, लॅपटॉपच्या काचेमागची. पण तिच्या लग्नापायी ज्या दोघींचा जीव टांगणीला लागला त्या अगदी खऱ्या. कान उघडे ठेवा बरं का, कारण ही गोष्टच मुळी एका न ऐकलेल्या बोलण्याची आहे.

एक होती स्थळं जुळवणारी. सगळे तिला जुळवणीबाईच म्हणत. तीस वर्षांत तिने किती संसार उभे केले ते देवच जाणे. तिची एक रीत होती. मुलाकडच्यांनी बैठकीत बसवलं, पुढ्यात बश्या मांडल्या, की ती हसून सगळं घ्यायची, आणि निघताना मात्र मागच्या दाराने बाहेर पडायची. "बैठकीत घर दाखवतात, मागच्या दारी घर दिसतं," असं म्हणायची. दूध घालणारा, नळ दुरुस्त करणारा, कपड्यांना इस्त्री करणारी, अशा तिघांना विचारल्याशिवाय तिने कधी होकार कळवला नाही. त्यामुळे तिने जुळवलेलं सहसा मोडत नसे.

एकच मोडलं. पोटच्या पोरीचं.

लेक चौदा महिन्यांपूर्वी एक बॅग आणि लॅपटॉप घेऊन परत आली. उजवा हात खांद्यातून नीट उचलत नव्हता. "मी आता तिकडे जाणार नाही," एवढं एकच वाक्य बोलली आणि मागच्या खोलीत जाऊन निजली. पुढे तिने दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर काम धरलं. दुपारी दोनला घरी यायची, जेवायची आणि त्याच खोलीत गेम लावून बसायची. मायलेकींचं बोलणं म्हणजे "जेवलीस का?" आणि "दार लावून घे." आईला दुसरं काही नको होतं. लेकीने एकदा, फक्त एकदा, "आई, तुला काय वाटतं?" असं विचारावं, एवढ्यासाठी ती बाई घरभर येरझाऱ्या घालायची. घडी केलेलं पुन्हा उलगडून घडी करायची, धुतलेले कप पुन्हा विसळायची.

एका दुपारी झाडू मारताना तिची नजर पडद्यावर गेली. एक तरुण पोर, डोक्यावर सोन्याची पट्टी, चेहरा गंभीर. काल तीच, परवाही तीच.

"ही कोण गं? तीन दिवस तशीच बसलीये."

"गेम पॉज केलाय."

"पण कोण आहे?"

लेकीने सुस्कारा सोडला. "राजाची मुलगी. वीस वर्षांची. एकुलती एक. राजा म्हातारा आहे, आजारी आहे. राजा म्हणजे मीच."

"अगंबाई! म्हणजे वधूपिता तू." आईने झाडू भिंतीला टेकवला. "आणि लग्न ठरत नाहीये."

आता मासा पाण्यात पडला की त्याला पोहायला शिकवावं लागतं का? जुळवणीबाई स्टूल ओढून बसलीच. लेकीच्या कपाळावर आठी आली, पण तिने हाकललं नाही. उलट नाइलाजाने का होईना, समजावून सांगितलं. या खेळात एक घराणं चालवायचं. राजा मेला की आपण त्याचा वारस व्हायचं, तो मेला की त्याचा वारस, अशी गादी पुढे न्यायची. लढाया असतात, पण खरी मदार लग्नांवर. सोयरीक झाली की व्याह्यांचं सैन्य आपल्या मदतीला येतं. पूर्वेच्या सीमेवर शत्रू येऊन उभा आहे, आपल्याकडे सैनिक जेमतेम दोन हजार. लग्न आजच्या आज ठरवायला हवं.

"आणि इथे ही खूण करायची," लेकीने माउस फिरवला, "घरजावई. ती करायला विसरलं की मुलं जावयाच्या घराण्याची. गेल्या वेळी विसरले मी. दोनशे वर्षांची गादी दुसऱ्याच्या घशात गेली."

"एवढीशी खूण विसरलीस?"

"विसरतं माणूस," लेक तुटकपणे म्हणाली.

मग स्थळांची यादी उघडली. पहिला साठीचा. "हा तर तिच्या बापाचा भाऊ शोभेल," आईने उडवून लावलं. दुसऱ्याच्या नावापुढे वेडेपणाची खूण होती. तो म्हणे रोज राजवाड्यात आपल्या घोड्याशी मसलत करायचा. "घोडा तरी शहाणा आहे का ते बघ," आई म्हणाली आणि लेकीच्या ओठाचा एक कोपरा हलला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. आईने ते पाहिलं आणि पदराशी चाळा करत दुसरीकडे बघितलं, जणू पाखरू उडून जाईल. तिसरा एका किल्ल्याचा धनी. सैनिक तीनशे. स्वभाव लाजाळू, सोशिक. "बिचारा," दोघी एकदम म्हणाल्या.

चौथा मात्र राजबिंडा. उत्तरेच्या राजाचा धाकटा भाऊ. वय चौतीस, शूर, बोलण्यात गोड. भावाचं सैन्य आठ हजार. आणि घरजावई व्हायला कबूल.

"हाच," लेक म्हणाली. "तीन दिवस याच्यावरच अडलीये. दुसरा मार्गच नाही."

"मग अडलीस कशाला?"

"माहीत नाही. बटण दाबवत नाही."

आई पुढे झुकली. तिचा आवाज बदलला. हा तिच्या कामाचा आवाज होता. "आठ हजारांच्या घरातला मुलगा, दिसायला असा, आणि घरजावई व्हायला एका पायावर तयार? कुठेतरी पाणी मुरतंय. प्रथमवर आहे का बिजवर?"

"म्हणजे?"

"आधीची बायको होती का?"

लेकीने त्याच्या चित्रावर माउस दाबला. खाली दोन लहान चेहरे उघडले, दोन्हींवर काळी रेघ. "होत्या. दोन. पहिली बाविसाव्या वर्षी गेली. जिन्यावरून पडून. दुसरी चोविसाव्या. सज्ज्यातून पडून."

"त्या घरात बायकाच बऱ्या घसरतात!" आई उठून उभी राहिली, बसली, पुन्हा उठली. "नको. चौकशी केल्याशिवाय होकार नाही. तुझ्या या राज्यात कुणी चौकशीला पाठवायला नाही का?"

"हेर आहे. पण त्याला सहा महिने लागतात. तोवर शत्रू आत घुसेल."

"घुसू दे. सहा महिने लागोत नाहीतर वर्ष. पोरगी द्यायची आहे, पोतं नाही टाकायचं. मागच्या दाराने गेल्याशिवाय—"

"माझ्या वेळी कुठे होतं गं ते मागचं दार?"

लेक ओरडली नाही. हळूच बोलली. पण त्या खोलीतला वारा थांबल्यासारखं झालं.

आई स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला, बंद केला. पेला भरला, ओतून दिला. मागच्या खोलीत लेक पडद्याकडे बघत होती, तिला काही दिसत नव्हतं. पाच मिनिटं गेली असतील. माणूस देवापुढे हात जोडून उभं राहतं ना, तशी ती माउली चौकटीत येऊन उभी राहिली.

"मी गेले होते मागच्या दाराने," ती म्हणाली.

लेकीने मान वळवली.

"त्यांच्या गल्लीच्या टोकाला इस्त्रीचं दुकान होतं. एक बाई चालवायची. तिला विचारलं, 'मायलेक दोघंच राहतात, कसं आहे घर?' ती इस्त्री फिरवत राहिली. मग म्हणाली, 'बाई, मी आतलं काही पाहिलेलं नाही. मी कपडे पाहते. मुलाच्या शर्टाची बटणं कधी तुटत नाहीत. पण त्याच्या आईच्या पोलक्याच्या बाह्या खांद्याशी उसवलेल्या येतात. शिवून घालते, पुन्हा उसवून येतात. कुणी धरून ओढल्याशिवाय शिवण अशी जात नाही.'"

लेकीचा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला.

"तू काय म्हणालीस?"

"मी..." आईने चौकट घट्ट धरली. "मी म्हटलं, कपडे जुने असतील. ती म्हणाली, नवे असतात. मग मी म्हटलं, तू आपली इस्त्री बघ. कोपऱ्यावरचं घर होतं गं, वर गच्ची. मुलगा दिसायला तसा, बोलायला तसा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरींना चांगली घरं शोधली, माझ्या पोरीला सगळ्यांत चांगलं मिळालं असं वाटलं. आणि ते मोडायला निघाली कोण, तर एक इस्त्रीवाली! मला राग आला तिचा. खूप राग आला. मी ऐकलं आणि टाकून दिलं. विसरले नव्हते. विसरले असं म्हणणार नाही."

लेक पडद्याकडे वळली, तिने यादी बाजूला सारली, हेराच्या चित्रावर माउस दाबला, त्याला उत्तरेला धाडलं आणि थांबलेला काळ सुरू केला.

वरच्या कोपऱ्यात तारखा पळू लागल्या. पूर्वेकडून लाल निशाणं आत आली. एक किल्ला पेटला. आई चौकटीतून सुटून स्टुलाजवळ आली, पण बसेना. "आला का गं तो हेर?" "नाही." दुसऱ्या किल्ल्याला वेढा पडला. "आता?" "आई, गप बस." दुसरा किल्लाही गेला. म्हातारा राजा अंथरुणात दगावला आणि ती वीस वर्षांची पोर, नवरा नाही, व्याही नाही, उरलेल्या एका गडावर राणी झाली. आईचं नख दातात होतं. तेवढ्यात एक कागद उघडला. हेराचा.

लेकीने मोठ्याने वाचलं. "दोघींनाही त्यानेच ढकललं."

तिने उत्तरेचं स्थळ नाकारलं. बटण दाबलं तेव्हा बोट जरासुद्धा अडलं नाही.

"दोन किल्ले गेले की," आई पुटपुटली.

"जाऊ देत. पोर आहे ना."

आणि मग, पडद्यावरची नजर न काढता: "उद्या मला त्या बाईकडे घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून लेक परस्पर सासरच्या गल्लीच्या टोकाला आली. आई आधीच तिथे उभी होती, एका जागी ठरत नव्हती. खांबापर्यंत जायची, परत यायची. कोपऱ्यावरच्या घराकडे लेकीने एकदाच पाहिलं आणि पाठ फिरवली. इस्त्रीच्या दुकानात आता किल्ल्या बनवणारा बसत होता. आईने त्याच्याकडे इस्त्रीवालीची चौकशी केली. "ती बाई?" तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. कोळशाच्या धगीने डोळे गेले म्हणे तिचे. बहिणीकडे गेली दूर कुठेतरी. तुमचं काही राहिलं होतं का तिच्याकडे?"

"हो," आई म्हणाली. दुकानातल्या फळीवर इस्त्री ठेवून ठेवून पडलेला काळा त्रिकोणी डाग अजून होता. लेकीने त्यावरून हळूच बोट फिरवलं.

दोघी चालत परत आल्या. रस्ता ओलांडताना लेकीने आईचं मनगट धरलं आणि पलीकडे गेल्यावर सोडलं. बस, एवढंच. चौदा महिन्यांचं ओझं एका दुपारी उतरत नाही, श्रोतेहो. उतरलं असं सांगितलं तर मी खोटं बोललेलं देवाला दिसेल.

पण संध्याकाळी मागच्या खोलीतून हाक आली. पडद्यावर उरलेला एक गड, गडावर राणी, आणि समोर तो तीनशे सैनिकांवाला लाजाळू. त्याने आपणहून मागणी घातली होती. घरजावयाची खूणही करूनच पाठवली होती.

"आई," लेक म्हणाली, "तुला काय वाटतं?"

ज्या प्रश्नासाठी ती बाई घरभर फिरत होती तो प्रश्न आला. ती स्टुलावर टेकली.

"तिला विचारलंस का?"

"आई, राणीला विचारता येत नाही. गेममध्ये तसं बटणच नाही."

"मग थांबू थोडं," आई म्हणाली. "हेर रिकामाच बसलाय ना? त्याला पाठव. आणि त्याला सांग, कपडे कोण धुतं, शिवतं, त्यांच्याशी आधी बोल."

लेकीने हेराच्या चित्रावर माउस दाबला. दोघी तारखा पळताना बघत बसल्या. स्टुलावर बसलेलीचा पाय अजून हलतच होता.

आता उठा, घरोघर जा. पण एक मागणं आहे. आज निजण्यापूर्वी हात जोडाल, आपल्या माणसांची खुशाली मागाल, तेव्हा एका बाईचीही आठवण ठेवा. जिने डोळे होते तोवर शिवणी पाहिल्या, पाहिलं ते एकदा स्पष्ट सांगितलं, आणि तिला कुणी म्हटलं, तू आपली इस्त्री बघ. ती आज कुठल्या गावी, कुणाच्या आधाराने वाट चाचपडत असेल ठाऊक नाही. भगवंताला ठाऊक आहे. तुम्ही फक्त आठवण ठेवा.