ताईच्या आवाजाचा धागा

ताईचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि टेबलावरच्या शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तर उद्या लिहू म्हटलं. माझा उद्या फार लांबचा असतो हे ताईला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून तिनं शेवटी लिहिलं होतं, "या वेळी तरी वेळेवर लिही. पांडित्य नको. पहिली चौकट की दुसरी, एवढंच कळव."

पत्र तपकिरी कागदावर होतं, कापड बेतताना वापरतात तसल्या. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कापणीच्या टेबलाशी उभं राहून तिचा जन्म गेला. तिच्या घरात दुसरा कागद मिळणं कठीण. कडेला बाहीची अर्धी खूण तशीच राहिली होती.

ताईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा गेला. तो जाण्याआधी एका परदेशी कंपनीनं तो भरून घेतला होता. पडद्यावर वाक्यं यायची, ती मोठ्यानं वाचायची. 'आज आकाश निरभ्र आहे.' 'मला खिडकीजवळची जागा हवी आहे.' कंटाळा आला की ताई मधेच आपली वाक्यं घुसडायची. 'शर्ट आटलेला नाही, तुमचं पोट सुटलंय.' या सगळ्यातून कंपनीनं एक आवाज तयार केला. ताईनं हातातल्या टॅबलेटवर काहीही टाइप केलं की ते तिच्या आवाजात ऐकू यायचं. तोच किंचित घोगरा, वाक्याचा शेवटचा शब्द ओढत नेणारा आवाज. माझी भाची म्हणाली होती, "आईचा गळा गेला, पण धार शाबूत आहे."

मग कायदा आला. माणसाचा आवाज ही त्याची ओळख, तेव्हा असे आवाज देशाबाहेर साठवायचे नाहीत. कायदा वाईट होता असं मला आजही म्हणवत नाही. चोरलेल्या आवाजांनी लोकांना फसवल्याच्या बातम्या रोज येत होत्या. पण कंपनीनं हिशेब केला, एवढ्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी इथे यंत्रणा उभी करणं परवडत नाही म्हणाली आणि सेवा बंद करायचं ठरवलं. गिऱ्हाइकांसमोर दोन चौकटी ठेवल्या आणि एक निवडायला मुदत दिली. पहिली, माझा आवाज पुसून टाका. दुसरी, सरकारनं मान्यता दिलेल्या देशी कंपनीकडे सोपवा. दुसरीच्या खाली बारीक अक्षरांत होतं की नवी कंपनी तो आवाज 'सेवा सुधारण्यासाठी' वापरू शकेल, आणि तो नव्या यंत्रणेत नीट बसेल याची हमी नाही.

"म्हणजे माझा आवाज उद्या कुणाला तरी कर्ज घ्या म्हणून फोन करणार," ताईनं लिहिलं होतं. "आणि मी मात्र बोबडं बोलणार. तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच वाचत असतोस. तुला कळत असेल."

मी वाचत असतो हे खरं. कळत असेल, हे तिचं प्रेम.

मी आयुष्यभर पुस्तकांच्या शेवटच्या सूची तयार केल्या. कुठला शब्द कुठल्या पानावर आहे हे दुसऱ्यांसाठी शोधून ठेवायचं. पुस्तकाबद्दल आपलं मत विचारायला कुणी येत नाही, आणि ते मला फार सोयीचं होतं. निवृत्तीनंतर एका संकेतस्थळावर रमलो. तिथे तंत्रज्ञान, कंपन्या, सरकारी धोरणं यांवर लोक हिरिरीनं भांडतात. एकेका विषयाचा धागा निघतो, त्याखाली प्रतिसादांची रांग लागते. मी कधी भांडलो नाही. पण शीर्षकांतल्या चुका कळवायचो, म्हणून मला संपादक मंडळात घेतलं. मंडळात आम्ही दोघेच. दुसरा औषधांच्या दुकानाचा मालक. गल्ल्यावर बसून तो धागे बंद करायचा, म्हणून सगळे त्याला कुलूपराव म्हणत. नियम मात्र मी लिहिले होते, आणि त्यांचा मला थोडा अभिमानही होता. पहिलाच नियम असा: एका धाग्यावर एकच विषय, विषयाला सोडून जे असेल ते 'अवांतर' विभागात हलवावं.

ताईला उत्तर द्यायचं तर आधी जाणकारांना विचारावं असं मला वाटलं. पण 'माझ्या बहिणीनं काय करावं?' असं चारचौघांत कसं विचारायचं? घरातली गोष्ट, त्यात तिचं आजारपण. मला संकोच वाटला. मग मी धागा काढला, 'आवाजाच्या साठ्याविषयीचा कायदा: बाजू आणि प्रतिबाजू'. आत बरंच प्रास्ताविक लिहिलं, आणि शेवटच्या परिच्छेदात उदाहरण म्हणून 'शिवणकाम करणाऱ्या एक परिचित बाई' घातल्या.

धागा पेटला. तिरकस नावाचा एक सदस्य होता, तो सगळ्यांच्या आधी हजर. "आपला आवाज परक्याच्या कपाटात ठेवायचा, आणि त्यानं कपाट बंद केलं की सरकारच्या नावानं गळा काढायचा. वा!"

फौजदार हे नाव घेतलेल्यानं लगेच सुनावलं. "परक्याचं कपाट उघडत तरी होतं, साहेब. तुमच्या सरकारी कपाटाला खालचा तळ आहे का, ते बघा आधी."

"तुम्ही कंपनीचे पगारी दिसता."

"तुम्ही सरकारचे बिनपगारी. ते जास्त वाईट."

मग कलमं आली, आकडे आले, कुठल्या देशात काय झालं ते आलं. हा आज्ञावलीचा प्रश्न आहे की सार्वभौमत्वाचा, यावर दोन दिवस काथ्याकूट झाला. 'शिवणवाल्या बाई' दोन्ही बाजूंना आवडल्या. तिरकसनं त्यांना देशाच्या भोळेपणाचं उदाहरण केलं, फौजदारनं सरकारी निष्ठुरपणाचं. एकानं लिहिलं, एका बाईसाठी धोरणं बदलत नसतात. त्यावर दुसऱ्यानं त्याची आई काढली. कुलूपरावानं ते दोन्ही उडवले.

मी सगळं वाचत होतो. कागदावर डावीकडे एक बाजू, उजवीकडे दुसरी. तिरकसचं वाचलं की वाटे, बरोबर आहे. फौजदारचं वाचलं की वाटे, हेही बरोबर आहे. ताईच्या पत्राचं उत्तर मी चार वेळा सुरू केलं. दरवेळी 'सर्वप्रथम हे लक्षात घ्यायला हवं' इथपर्यंत गाडी यायची आणि पुढे मला काहीच लक्षात घेता यायचं नाही. माझ्या सांगण्यावरून तिनं चौकट निवडली आणि ती चुकली तर? बहिणीचा आवाज घालवणारा भाऊ होण्यापेक्षा अजून दोन प्रतिसाद वाचावेत, असं मला वाटत राहिलं.

मुदतीच्या दिवशी दुपारी भाचीचा फोन आला. ती दातांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे तोंड उघडं ठेवून थांबलेल्या माणसांची तिला सवय आहे.

"मामा, आई सकाळपासून टॅबलेट मांडीवर घेऊन बसलीय. पहिली की दुसरी?"

"अगं, त्याचं असं आहे, दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे..."

"तथ्य ठेवा हो बाजूला. तुमची स्वतःची बहीण आहे ना? मग पहिली की दुसरी?"

"मी लिहितोय तिला. जवळजवळ झालंच आहे."

पलीकडे टकटक ऐकू आली. ताई टाइप करत होती. मग तिचा आवाज आला, शेवटचा शब्द ओढत. "राहू दे गं. त्याचं अजून प्रस्तावनेतच चाललं असेल."

भाची हसली. मीही हसलो. पुन्हा टकटक झाली. "तुमचे हे धागे काय कामाचे रे? एक बटण तरी लावून होतं का त्यानं?"

"ताई, तुला स्वतःला काय वाटतं?" मी विचारलं. विचारताना माझी मलाच लाज वाटली.

"मला वाटतं, माझं तोंड मी कुणाला भाड्यानं देणार नाही."

त्या आवाजातलं तिचं शेवटचं वाक्य ते. संध्याकाळी तिनं पहिल्या चौकटीत खूण केली.

पुढच्या आठवड्यात कुलूपरावाचा निरोप आला. "अवांतरात फार कचरा साठलाय, जरा हात फिरवा." ते काम माझ्याकडे असतं. इतके दिवस मी त्या विभागात डोकावलोही नव्हतो. जे विषयाखाली नाही ते माझ्या लेखी नाहीच. सूची करणाऱ्याची ही खोड आहे. तिथे वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि जुने विनोद असतात.

त्यांच्यामध्ये एक प्रतिसाद होता. लिहिणाऱ्याचं नाव 'नवखा', त्याचा पहिलाच.

"कायद्याचं मला कळत नाही. मी त्या कंपनीत काम करत होतो. त्या बाईंना सांगा, कुठल्याही चौकटीवर खूण करायच्या आधी कंपनीला लिहा आणि मूळ ध्वनिमुद्रण परत मागा. ते गिऱ्हाइकाचंच असतं. मुदतीआत मागितलं तर देतात, आपणहून सांगत मात्र नाहीत. ते हातात असलं की पुढेमागे कुठेही तोच आवाज पुन्हा तयार करता येतो. मजकूर काय लिहायचा ते मी सांगतो. बाईंनी फक्त हो म्हणावं."

त्याखाली लहान अक्षरांत एक ओळ होती. 'हा प्रतिसाद मूळ विषयाशी संबंधित नसल्यामुळे अवांतर विभागात हलवला आहे.' ती ओळ माझीच. फार वर्षांपूर्वी मी ती बसवली होती, कुणाला अपमान वाटू नये म्हणून शब्द निवडून निवडून.

कुलूपरावाला फोन केला. गल्ल्यावर गर्दी असावी.

"विषय कायद्याचा होता ना?" तो म्हणाला. "मग हे ध्वनिमुद्रण कुठून आलं त्यात? नियमानंच हलवला. का, काय झालं?"

"काही नाही."

"काका, आवाज का असा येतोय तुमचा? घसा धरलाय का? गोळ्या पाठवू?"

नको म्हटलं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

कंपनीला लिहिलं, तर क्षणात यंत्राचं उत्तर आलं: आपला साठा आता अस्तित्वात नाही, आमच्या सेवेबद्दलचा अनुभव कळवा. सरकारी कार्यालयात गेलो. खिडकीतल्या कारकुनानं माझं सगळं ऐकून घेतलं. भला माणूस होता. "आजोबा, कुणी आवाज पुसला नाही, तर त्याची तक्रार मी घेऊ शकतो," तो म्हणाला. "पुसला, याची तक्रार घ्यायला माझ्याकडे रकानाच नाही." नवख्याला निरोप पाठवला. तो पुन्हा कधी आलाच नाही. आमच्याकडे पहिलाच प्रतिसाद असा बाहेर काढला गेल्यावर कोण कशाला येईल?

रविवारी ताईकडे गेलो. दार ढकललं, तसा आतून एका तरुण मुलीचा प्रसन्न आवाज आला, "ये. चपला बाहेर काढ." हाच आवाज बँकेत रांगेचा क्रमांक पुकारतो आणि लिफ्टमध्ये मजले सांगतो. मी उंबऱ्यात थबकलो. ताई पलंगावर बसली होती. माझं तोंड पाहून तिनं टॅबलेट उशीखाली सारला आणि तपकिरी कागद पुढे ओढला.

'ही पोरगी फार गोड बोलते,' तिनं लिहिलं. 'भाजीवाला ऐकतच नाही हिचं.'

भाची मला चहाच्या निमित्तानं आत घेऊन गेली. तिला मी फोनवर सगळं सांगितलं होतं.

"आईला बोलू नका हं मामा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तिनं मनाची समजूत घातलीय. स्वतः ठरवलं, स्वतः पुसलं, असं म्हणते. आता तिसरी वाट होती हे ऐकून ती काय करणार? रोज उठून तेच उगाळत बसेल."

"पण ते खरं आहे."

"खरं आहे हो. त्याचा उपयोग काय, ते सांगा."

भाचीचं बोलणं बरोबर वाटलं. बाहेर येऊन ताईकडे पाहिलं, तर न सांगणंही बरोबर वाटेना. ती लिहीत होती.

'तुझ्या लोकांचं काय ठरलं शेवटी?'

"अजून चाललंय."

ताई हसली. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, आवाज कुठूनच आला नाही. मग तिनं कागद उलटा केला आणि लिहिलं, 'तुझं उत्तर यायचंय माझ्याकडे. विसरले नाही मी.'

मी मान हलवली.

घरी आल्यावर शब्दकोशातून तिचं पत्र काढलं आणि समोर ठेवलं. या वेळी बाजू आणि प्रतिबाजू केल्या नाहीत. तरी अर्धा दिवस गेला. हे सगळं सांगून मी तिचं ओझं वाढवतोय की माझं उतरवतोय, हे मला कळेना. अजूनही कळलेलं नाही. पण तिनं तिच्याच आवाजाबद्दल विचारलं होतं, आणि त्या आवाजाचं काय काय होऊ शकलं असतं हे तिच्याखेरीज सगळ्यांना माहीत असावं, हे मला सहन होईना.

लिहिलं ते एवढंच.

'ताई, पहिली की दुसरी, हे मला माहीत नव्हतं. तसं तेव्हाच कळवायला हवं होतं, म्हणजे तू दुसऱ्या कुणाला विचारलं असतंस. तिसरी वाट होती. ध्वनिमुद्रण परत मागता आलं असतं. एका माणसानं ते मुदतीच्या आधी लिहिलं होतं, आणि ते माझ्याच नियमानं बाजूला पडलं. मला ते नंतर दिसलं. आता काही करता येत नाही, सगळीकडे विचारून झालं. तू पोरीवर रागावू नकोस, तिनं मला सांगू नका म्हटलं होतं. माझ्यावर रागावायचं तर कागद मोठा घे.'

शेवटचं वाक्य खोडावं का याचा खूप विचार केला. ते ताईला शोभणारं होतं, मला नाही. तसंच राहू दिलं. पाकीट चिकटवलं, पत्ता घातला, आणि पुन्हा वाचायचा मोह होण्याआधी चपला घातल्या.

टपालपेटी कोपऱ्यावर, शाळेच्या भिंतीला लागून आहे. पाकीट आत सोडलं. मग इकडे तिकडे पाहून पेटीच्या फटीत बोटं घातली, जेवढी जात होती तेवढी. हाताला काही लागलं नाही.