मयूरी खाली नाही

आईच्या मोबाइलवरून मयूरीचं स्टेटस बघायची युक्ती वृषालीला डिसेंबरात सुचली. स्वतःच्या फोनवरून बघितलं की बघणाऱ्यांच्या यादीत नाव जातं. आईचं नाव गेलं तर कुणाला काही वाटत नव्हतं. रुख्मिणीबाई साऱ्या गल्लीचंच स्टेटस बघायच्या.

दोघींनी आदिलाबादलाच, एका बाकावर बसून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं. नोव्हेंबरात निकाल लागला. वृषालीला मयूरीपेक्षा थोडे जास्त टक्के पडले. त्या फरकाचा आनंद आठवडाभर टिकला.

मग वृषालीनं तेलंगणाच्या सरकारी नोकऱ्यांच्या ग्रुप टू परीक्षेसाठी चार रंगांचं वेळापत्रक करून भिंतीला लावलं. पहाटे पाच ते सात हा हिरवा रंग तिनं एकदाही अमलात आणला नाही. मयूरीनं वेळापत्रक केलंच नाही. ती सकाळी सातच्या बसनं नेरडीगोंड्याकडे मामाच्या गावी जायची. शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, तणं, झुडपं गोळा करायची, निंदणाऱ्या बायांना त्या रोपांची नावं विचारायची. घरी येऊन ती रोपं जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवायची, रोज कागद बदलायची. वाळलेलं रोप जाड कागदावर चिकटवून कोपऱ्यात तीन नावं लिहायची: शास्त्रीय, मराठी, तेलुगू. सप्टेंबरपर्यंत असे दोनशे अकरा कागद झाले. हा आकडाही स्टेटसवरूनच कळला.

एकदा कुरडूच्या कागदावर शास्त्रीय नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. वृषालीनं ते दोन बोटांनी मोठं करून पाहिलं. मयूरीला सांगितलं नाही. दोन दिवस बरे गेले.

"पाह्य जरा तिच्याकडं," रुख्मिणीबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या. "ते पोरगी उन्हातान्हात फिरून राह्यली. अन् तू पंख्याखाली वाळून राह्यली."

"गवत गोळा करते ते, आई. नोकरी नाही लागली तिले."

"गवत तं गवत. तू काय गोळा केलं?"

तहसीलमधून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले वडील बाबाराव अशा वेळी पेपर थोडा वर धरायचे.

त्या गुरुवारी दुपारी भगवंतराव सरांचा फोन आला. सर म्हणजे कॉलेजातले विभागप्रमुख.

"वृषाली, मयूरीचा फोन लागून नाही राह्यला."

"शेतात असंल, सर. तिकडं रेंज नसते."

"बरं, एक सांग. आपल्या डिपार्टमेंटला गेस्ट लेक्चररची एक जागा निघाली. प्रिन्सिपल साहेबांना तासाभरात नाव द्यायचं हाये. मयूरी सध्या खाली हाये का?"

रिकाम्याला तेलुगूत खाळी म्हणतात, उर्दूत खाली. आदिलाबादच्या बोलण्यात दोन्ही एकच झाले आहेत. घर खाली असतं, बसमधली सीट खाली असते, ऑफिसातली खुर्ची खाली असते. शिकून नोकरीवाचून घरी असलेली पोरगीही खालीच असते. सरांना एवढंच विचारायचं होतं की मयूरीला दुसरीकडे नोकरी लागली आहे का.

वृषालीला प्रश्न नीट समजला. तिनं उत्तर मात्र दुसऱ्या अर्थाचं दिलं.

"खाली कुठं, सर. सकाळी सातला जाते ते दिवस बुडता येते. तिले तं बोलायलेही वेळ नसतो."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"असं का. चांगलं हाये. मले माईतच नव्हतं," सर म्हणाले. "अन् तू?"

"मी खालीच हाये, सर."

शुक्रवारी तिच्या नावाची ऑर्डर निघाली. शनिवारी सकाळी रुख्मिणीबाईंनी गल्लीत पेढे वाटले. मयूरीच्या घरी पेढा द्यायला त्या स्वतः गेल्या, आणि तिकडे तोंडभरून सगळी हकिकत सांगून आल्या. सरांचा फोन आधी मयूरीसाठी होता, हेही सांगून आल्या. मयूरीला मागं टाकल्याच्या आनंदात वृषालीनंच त्यांना ते सांगितलं होतं.

अकरा वाजता मयूरी आली. पेढा तिच्या हातात तसाच होता.

"सरांनी मले विचारलं होतं?"

"हो."

"मंग काय सांगितलं तू?"

"जे हाये ते. तू बिझी असते म्हनून. काऊन, नसते का?"

मयूरी पलंगाच्या कडेला बसली. "त्या शेतात मले कोन पगार देते वं? घरी बसलं का काकी इचारते, मावशी इचारते, दुकानवाला इचारते, काय करून राह्यली. म्हनून जात होती. दहा महिन्यांपासून मी ह्याच फोनची वाट पाहून राह्यली होती."

दहा महिने वृषालीनं या पोरीचा हेवा केला होता, आणि ती पोरगी तिच्यासारखीच दिवस ढकलत होती. हे ऐकून तिला हलकं वाटायला हवं होतं. उलट मनात आलं की दिवस ढकलतानाही हिचे दोनशे अकरा कागद झालेच.

"मले वाटलं तुले त्यातच करायचं हाये," ती म्हणाली.

"तुले असं वाटलं नाही. मले मूर्ख नको समजू."

मयूरीनं फोन काढला, सरांना लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन दोघींच्या मधे पलंगावर ठेवला.

"सर, मयूरी बोलून राह्यली. मी खाली हाये, सर. नोकरी नाही मले."

"अरे, पण वृषाली तं म्हणाली—"

मयूरीनं वृषालीकडे पाहिलं. वृषालीनं चादरीवरची सुरकुती सरळ केली.

"तिनं सांगितलं ते कामाचं. तुमी इचारलं ते नोकरीचं. घोळ झाला, सर."

सर म्हणाले, "ऑर्डर निघाली, मयूरी. आता बदलत नाही. पण आठवड्याचे सोळा तास हायेत. त्यातले सहा प्रॅक्टिकलचे. वृषालीनं लिहून दिलं का हे सहा मले नको, तं मी तुझं नाव टाकू शकतो. तिनं दिलं तरच. तिले इचार."

"ती इथंच हाये, सर. ऐकून राह्यली."

प्रॅक्टिकल म्हणजे काय होणार ते वृषालीला दिसत होतं. मयूरी ते कागद घेऊन येणार. पोरांना धुऱ्यावर नेणार. वर्गात बसून पेशीची आकृती काढणाऱ्या मॅडमचं नाव पोरं दिवाळीपर्यंत विसरतील, धुऱ्यावरच्या मॅडमचं विसरणार नाहीत. नाही म्हणायला एक शब्द पुरे होता. कायद्यानं तिचं काही चुकत नव्हतं.

"वृषाली?" सर म्हणाले.

मयूरी तिच्याकडे बघत नव्हती. ती फोनकडे बघत होती, आणि तिच्या बोटांत पेढा चुरगळत चालला होता.

"देते लिहून," वृषाली म्हणाली.

"शाब्बास. सोमवारी अर्ज आण."

"सर, एक सांगा." तिनं फोन जवळ ओढला. "प्रॅक्टिकल कोणत्या दिवशी हाये?"

"बुधवार अन् शनिवार. काऊन?"

पोरं मयूरीमागं धुऱ्याकडे निघताना वृषालीला कॉलेजात असायचं नव्हतं.

"मंग माझे तास त्या दिवशी नका ठेवू."