लेकीच्या खळ्यातला तंबू

मी तंबू बोलतोय. दुकानात मिळतो तसा रंगीत, हलका, पिशवीत मावणारा नव्हे. जाड खाकी कापडाचा, पाठीवर निळं ठिगळ असलेला, दोन माणसांपुरता.

ज्या दिवशी ती बातमी आली, त्या दिवशी मी चिपळूणला आमच्या घरामागच्या दोरीवर वाळत होतो. पावसाळा माळ्यावर काढला की माझ्या अंगाला बुरशीचा वास लागतो. म्हणून आश्विनात ऊन तापलं की माझे मालक केरूभाऊ भुवड मला खाली काढायचे, ब्रशने घासायचे आणि शिवण न् शिवण तपासायचे. त्या सकाळी तेच चाललं होतं. त्यांच्या पत्नी, मैनाबाई, भाजी आणायला बाजारात निघाल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "अवो, ह्याला घासता तेवडं कधी सवताला घासलात तर बरं होईल."

"तू आन आधी भाजी. शेवग्याच्या शेंगा बघ मिळाल्या तर."

थोड्या वेळाने फोन वाजला. मैनाबाईंचाच नंबर होता. केरूभाऊंना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा. ओला हात लुंगीला पुसून ते म्हणाले, "बोल गो, काय इसरलीस?"

पलीकडे अनोळखी बाई होती. "ह्यो फोन कुनाचा हाय वो? ह्या बाई माज्या टोपलीपाशी पडल्यात. उठत नायत."

केरूभाऊ ब्रश टाकून तसेच धावले. मैनाबाई उठल्या नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, हे मला पुढे आल्यागेल्याच्या बोलण्यातून कळलं. घर माणसांनी भरलं, दिवसकार्य झालं, घर रिकामं झालं. मला दोरीवरून काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. परतीच्या पावसात मी भिजलो, उन्हात वाळलो, पुन्हा भिजलो.

माझा जन्म बाजारातल्या ताडपत्री शिवणाऱ्याकडे झाला. केरूभाऊ लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा खिडक्या लावून झोपतो. त्यांच्या आयुष्यातली निम्मी झोप अशी अंधाऱ्या खोलीत गेली होती. निवृत्त झाले आणि म्हणाले, "आता मना उगड्यावर निजायचाय."

शिवणाऱ्याने विचारलं, "मांडव कसला पायजे? गनपतीचा की लग्नाचा?"

"आमा दोगांचा."

"ह्या वयात परत लगीन करताव?"

मैनाबाई शेजारीच उभ्या होत्या. लाजून त्यांनी तोंडाला पदर लावला. माझ्या कानांवर पडलेलं पहिलं हसू ते. माझे खांब केरूभाऊंनी स्वतः पाइप कापून केले. पाठीवरचं ठिगळ मैनाबाईंचं आहे. एकदा स्टोव्हची ठिणगी उडून मला भोक पडलं, तेव्हा त्यांनी कारखान्याचा जुना निळा गणवेश कापून लावला.

भात झोडून घरात आलं की आमचा प्रवास सुरू व्हायचा. जुनी व्हॅन, टपावर मी, आत स्टोव्ह, तांदूळ, सुके बोंबील, पाण्याचा कॅन आणि गोधड्या. कधी सुरूच्या बनात मुक्काम, कधी सड्यावर, जिथे कातळ इतका कठीण की माझ्या खुंट्या शिरत नसत आणि दोऱ्या धोंड्यांना बांधाव्या लागत. पहिल्या हिवाळ्यात मैनाबाईंना कोल्ह्याची भीती वाटायची. त्या पदराचं टोक नवऱ्याच्या सदऱ्याच्या गुंडीला बांधून झोपत. पुढे भीती गेली, पण गाठ मारायची सवय राहिली. सकाळी केरूभाऊ आधी उठायचे, गाठ हळूच सोडायचे आणि चहा ठेवायचे.

वाटेत नातेवाईक. गुहागरच्या बाजूला केरूभाऊंची बहीण हौसा. तिच्याकडे मी व्हॅनवरच राहायचो. ही दोघं माजघरात झोपत आणि हौसाच्या परसातली तिरफळं घालून केलेली कढी ओरपत. मला त्याचं काही वाटायचं नाही. तंबूने आपली जागा ओळखून असावं.

प्रवासाचं शेवटचं ठिकाण मात्र मंडणगडच्या डोंगरातली एक वाडी. तिथे त्यांची एकुलती लेक, दर्शना, दिलेली. जावई गुरुप्रसाद शाळेत शिक्षक, घर चार खोल्यांचं, चिरेबंदी, अंगणाला मोठं खळं. आणि त्या खळ्यात, घराच्या दारासमोर, मी उभा राहायचो.

लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी पिऊ नये, घरात मुक्काम करू नये, अशी जुनी रीत. आता फार कुणी पाळत नाही. केरूभाऊंच्या आईने पाळली होती, म्हणून त्यांनीही पाळली. दर्शनाच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती गंमतच होती. विहीण यमुनाबाई पडवीत येऊन ओरडल्या, "काय व्याही, आमच्या हिरीचा पानी खारट हाय काय?"

"नाय वो. गोडच आसंल. पन नातवाच्या हातनंच पिनार."

सगळे हसले. दर्शना लाजून आत पळाली. मीही माझ्या दोऱ्या ताणून ऐटीत उभा होतो.

पुढच्या वर्षीही हसले. त्याच्या पुढच्या वर्षी थोडे कमी. मग यमुनाबाईंनी विचारणं सोडलं. गुरुप्रसाद निमूटपणे खुंट्या ठोकायला मदत करू लागला. दर्शना मुंबईच्या डॉक्टरांकडे जाऊन आली, हे मैनाबाई माझ्या आत, गोधडीखाली, हळू आवाजात नवऱ्याला सांगायच्या. केरूभाऊ फक्त हुंकार द्यायचे.

माझ्या भिंती कापडाच्या. मला बाहेरचंही ऐकू येतं. विहिरीवर जाणाऱ्या बाया माझ्याजवळ आल्या की बोलणं थांबवायच्या आणि पुढे गेल्या की पुन्हा सुरू करायच्या.

मैनाबाई पडवीपर्यंत जात, लेकीच्या केसांना तेल लावत, तांदूळ निवडून देत. पण आतल्या घरचा घोट घेत नसत. त्यांचं मन आत होतं. संध्याकाळी स्टोव्हवर भात चढवताना त्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "अवो, येक रात मी तिच्याजवळ निजू काय? ल्हानपनी माज्या पोटावर पाय टाकून निजायची."

"रीत हाय ना गो."

"रीत मानसांची का मानसं रीतीची?"

केरूभाऊ स्टोव्हला पंप मारत राहिले. नवऱ्याला बाहेर टाकून एकटीने आत जायचं मैनाबाईंच्या मनाला येईना.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. ऊन उतरलं होतं. केरूभाऊंनी माझी शेवटची खुंटी नुकतीच ठोकली होती. दर्शना ताटात घावणे आणि खोबऱ्याची चटणी घेऊन बाहेर आली.

"बाबा, ऊन हायत. खावा."

"ठेव बाय. पोट भरलाय."

"कशानं? तुमचा भात तर आजून शिजतोय."

केरूभाऊ कसंनुसं हसले. दर्शना हसली नाही. ताट हातात धरून ती माझ्या तोंडाशीच बसली. म्हणाली, "बाबा, तुमी खुंट्या ठोकाया लागलात की आख्ख्या वाडीला कळतं. दर्शनाचं यंदाही काय नाय म्हनून. कुनी इचारायलाच नको."

हातोडा केरूभाऊंच्या हातातच राहिला. हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं, हे मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. आणि माझ्याही मनात आलं नव्हतं. ऐटीत उभा राहायचो मी तिथे.

हातोडा खाली ठेवत ते म्हणाले, "मी आत आलो, तर सोडून दिल्यासारका व्हईल गो."

"काय सोडून?"

"वाट बगायचा."

दर्शनाने ताट खाली ठेवलं आणि बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आमी सोडलंय, बाबा. दोगांनी मिळून सोडलंय. बरी हावोत आमी. तुमीच तेवडे भायेर हाव."

पडवीतून यमुनाबाई म्हणाल्या, "तुमी भायेर निजता आनि ही रातभर खिडकीत उबी ऱ्हाते. मना बगवत नाय व्याही."

मैनाबाई तोवर उठून उभ्या राहिल्या होत्या. गोधडी काखेत. "चला," त्या म्हणाल्या. "उठा. चला आत."

केरूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ताणलेल्या दोऱ्या पाहिल्या, शिजणारा भात पाहिला. एवढ्या वर्षांची गोष्ट अशी एका वाक्यासरशी मोडायची, याचा त्यांना संकोच वाटला असावा. म्हणाले, "आता खुंट्या मारल्यात. भातपन झालाय. आजची रात जाऊदे. सकाळी हौसाकडे लग्नाच्या हळदीला पोचायचाय. पुडल्या येळी सरळ आत. तंबू आनायचाच नाय."

"पुडल्या येळी म्हंजी वरीस," मैनाबाई म्हणाल्या.

"वरीस काय गो, बगता बगता येतंय."

मैनाबाईंनी गोधडी पुन्हा माझ्यात अंथरली. त्या रात्री पदराची गाठ मारायला त्या विसरल्या, की मारावीशी वाटली नाही, मला सांगता येणार नाही.

वर्ष खरोखरच बघता बघता आलं. फक्त त्याच्याआधी आश्विन आला.

या हिवाळ्यात केरूभाऊ एकटेच मंडणगडला आले. सवयीने मला टपावर बांधलं होतं. व्हॅन थांबली, त्यांचा हात माझ्या दोरीवर आला आणि तिथेच थांबला. दर्शना खळ्यात उभी होती. ते चपला काढून पडवी चढले, उंबरा ओलांडला. उघड्या दारातून मला दिसलं, यमुनाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. केरूभाऊंनी तो तोंडाला लावला आणि मधेच खाली ठेवला. मग पुन्हा उचलून संपवला.

दोन दिवसांनी गुरुप्रसादने विचारलं, "बाबा, गवताच्या उडवीवर टाकायला कापड पायजे होतं. तंबू घेऊ?"

"घे. आता त्याला घेऊन मी कुटं जातोय."

तेव्हापासून मी खळ्याच्या कडेला गवतावर पसरलेला आहे. चारी कोपऱ्यांना धोंडे बांधलेत. खांब कुठल्याशा वेलाला आधार म्हणून गेले. निळ्या ठिगळाची शिवण एका बाजूने उसवली आहे, आणि ती घालायला कुणी नाही. केरूभाऊ आता इथेच असतात. संध्याकाळी माझ्याजवळच्या चिऱ्यावर येऊन बसतात. हात कधी कधी ठिगळावरून फिरतो. थंडी पडली की दर्शना हाक मारते, "बाबा, आत या." ते लगेच उठतात. एकदाही तिला दुसरी हाक मारावी लागलेली नाही.

मी कापड, मला शहाणपण सांगायचा अधिकार नाही. पण खुंट्यांचं मला कळतं. ठोकल्या म्हणून त्या जमिनीच्या होत नाहीत. ओल्या मातीतून त्या उपटायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. कुणी आत या म्हणालं, तर मारलेल्या खुंट्यांकडे बघू नका. त्याच संध्याकाळी जा.

मैनाबाई लेकीच्या घरात एक रात्रही झोपल्या नाहीत.