डावीकडून आलेला अर्धा

सासूबाईंची शाळा तिसरीत सुटली, पण पावकी, निमकी, दिडकी त्यांच्या जिभेवरून कधी सुटल्या नाहीत. गल्लीत त्यांना मागून 'तराजू' म्हणायचे. कुणाची सून, कुणाचा जावई, कुणाची अक्कल, सगळं तोलून त्या मोकळ्या व्हायच्या, तेही तोंडावर. पाठीमागे बोलायला आपण काय भित्र्या आहोत, असं त्यांचं म्हणणं.

सून शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. परीक्षा झाली की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी यायचे. गेल्या वर्षी एका पेपरावर तिची बेरीज चुकली. मुख्य परीक्षकांनी तो पेपर चारचौघींत उंच धरला नि म्हणाले, "पुन्हा असं झालं तर तुमच्याकडे पेपर येणार नाहीत, आणि का येत नाहीत ते तुमच्या शाळेलाही कळवीन." सून डोळे सुजवून घरी आली.

"रडतेस काय?" सासूबाई म्हणाल्या. "यंदा तू गुण बोल, मी जोडते. हाय काय नि नाय काय."

मग यंदा दुपारची जेवणं आटोपली की तसं सुरू झालं. सून खिडकीजवळ टेबलाशी, सासूबाई पलंगावर तिच्याकडे पाठ करून. आकडे कानाने जोडायचे असतात, डोळे मध्ये आले की घोळ होतो, असं त्यांचं शास्त्र. मांडीवर निवडायला घेवडा. सुनेचं टेबल पाठीमागे उजव्या हाताला. डाव्या हाताला फक्त लोखंडी कपाट, त्याला कुलूप, आणि त्याची किल्ली सासूबाईंच्या कमरेला, कोठीच्या किल्लीशेजारी.

"दोन. दीड. शून्य. अडीच," सून बोलायची. पेपर संपला की सासूबाई बेरीज सांगायच्या आणि सून ती वरच्या चौकटीत लाल पेनाने लिहायची. मध्येच हसायची.

"आता काय?"

"विचारलंय, निष्क्रिय वायू म्हणजे काय. लिहिलंय, जे कुणातच मिसळत नाहीत आणि स्वतःला मोठे समजतात."

"तुझ्या मावशीचा मुलगा दिसतोय. दे अर्धा."

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "साडेपंचेचाळीस."

"पंचेचाळीस, आई. मी पुन्हा जोडलं."

"शेवटी अर्धा म्हणालीस ना?"

"नाही म्हटलं."

"मग काय घेवड्याची शेंग बोलली?"

सुनेने पंचेचाळीसच लिहिले. संध्याकाळी मुलगा जेवताना उगाच मऊ आवाजात बोलायला लागला, तेव्हाच सासूबाईंनी ओळखलं की चुगली पोचली. "आई, एकदा कान दाखवून येऊ. वयाप्रमाणे होतं थोडं."

सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाईंचं असंच झालं होतं. आधी कान दाखवले. मग 'विसरतात हल्ली' म्हणून किल्ल्या घेतल्या. मग खिडकीशी खुर्ची दिली आणि कुणी आलं की घरचे जाऊबाईंच्या देखत म्हणायचे, "त्यांना काही विचारू नका." ती बाई जिवंत होती तोवर त्या खुर्चीतून एक शब्द बोलली नाही. सासूबाईंनी कमरेच्या किल्ल्यांवर हात ठेवला. कानांपासून खुर्चीपर्यंतची वाट त्यांना पाठ होती.

"काढ तो पेपर," त्या सुनेला म्हणाल्या. "आत्ता."

सुनेने पान न् पान उलटलं. शेवटच्या पानाच्या मागे, आकृतीच्या खाली, चिलटाएवढ्या अक्षरात एक ओळ निघाली. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा ठेवला की निळा रंग फिका होतो. उत्तर बरोबर. गुण अर्धा.

"कान माझे, डोळे तुझे," सासूबाई मुलाकडे बघत म्हणाल्या. "आता सांग, दाखवायचं कुणाला काय?"

मुलाने मान खाली घालून आमटी मागितली.

दोन दिवसांनी तसंच झालं. सासूबाईंना दीड जास्त ऐकू आला आणि दोन चिकटलेल्या पानांमध्ये दीड गुणाचं उत्तर सापडलं. सून तर खूश. "आई, तुमच्यामुळे वाचले मी! तुम्हाला कळतं तरी कसं?"

"कळतं," सासूबाई म्हणाल्या, आणि घेवड्याच्या शिरा काढत राहिल्या. त्यांनी सुनेला एक गोष्ट सांगितली नाही. आवाज सुनेचाच होता, तोच थोडा घोगरा, शेवटचं अक्षर गिळणारा. पण दोन्ही वेळा तो डावीकडून आला होता.

हे सांगणार कुणाला? खुर्ची तयारच होती.

शेवटचा गठ्ठा सोडला त्या दुपारी सुनेचा आवाज सुरू झाला. "दोन. एक. अडीच." सासूबाई जोडत गेल्या. पेपर लांबला. सून आज संथ बोलत होती, दोन आकड्यांमध्ये श्वाससुद्धा ऐकू येईना. "साडेतीन. दीड." मग थांबली.

"साडेएकसष्ट," सासूबाई म्हणाल्या. "हुशार आहे हो पोर."

"कोण पोर?" सून दारातून म्हणाली. तिच्या हातात गच्चीवरून काढलेले कपडे होते, खांद्यावर चादर. "कुणाशी बोलताय, आई?"

सासूबाईंनी मान वळवली. टेबलावर पेनाला टोपण होतं. गठ्ठ्यातला पहिला पेपर मिटलेला, दोऱ्याची खूण अजून तशीच.

"कुणाशी बोलणार? पाढे म्हणत होते. जिभेला गंज चढतो नाहीतर."

सून बसली. तिने टोपण काढलं, पहिला पेपर उघडला. "दोन," ती म्हणाली. "एक. अडीच." सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. पुढचा प्रत्येक आकडा सून बोलायच्या आधी त्यांच्या ओठांवर यायचा. साडेतीन. दीड.

"किती झाले, आई?"

"तूच जोड आज."

सुनेने बोटांवर जोडलं, पुन्हा जोडलं. "साडेएकसष्ट," ती म्हणाली. "हुशार आहे हो मूल."

त्या गठ्ठ्याच्या बाकीच्या पेपरांच्या वेळी सासूबाईंनी कानात कापूस घातला आणि सुनेला म्हणाल्या, सर्दी झालीय. दुसऱ्या दिवशी शिपाई येऊन सगळे गठ्ठे घेऊन गेला. मुख्य परीक्षकांचा फोन आला, यंदा एकही चूक नाही, शाबास. सून स्वयंपाकघरात गुणगुणत होती. सासूबाईंनी कापूस काढला. चला, सुटलो, असं म्हणून त्या सवयीने पलंगावर बसल्या. टेबल रिकामं. पेन नाही, कागदाचा कपटा नाही.

"शून्य," डावीकडून आवाज आला.

सासूबाई हलल्या नाहीत.

"अर्धा. शून्य. शून्य. दीड."

इथे पेपर तर कुठलाच नव्हता. खोलीत फक्त त्या होत्या. समजायला त्यांना वेळ लागला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना तोलणाऱ्या बाईला तोलणं ओळखू येणारच.

"शून्य कशाचं गं?" त्या कपाटाला म्हणाल्या. आवाज कापला म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. "तपासणारी तू कोण? परत तपास. फेरतपासणी मागतात ना, मागितली मी."

"एक. शून्य. अर्धा," आवाज बोलतच राहिला, त्याच संथ लयीत, सुनेच्या घोगऱ्या गळ्यातून. जोडायचं नाही असं सासूबाईंनी ठरवलं. पण साठ वर्षांचं वळण, डोकं आपोआप जोडत गेलं. शेवटी आवाज थांबला आणि खोली वाट बघायला लागली.

साडेसत्तावीस. अर्ध्याने नापास. पास व्हायला अठ्ठावीस लागतात, हे त्यांना या महिन्यात पाठ झालं होतं. ही बेरीज तोंडाने बोललो की चौकटीत लिहिली जाईल. आणि एकदा चौकटीत लिहिलेलं कुणी खोडत नाही. त्यांनी दात घट्ट आवळले.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. "ये जरा."

सून ओले हात पुसत आली. "काय हो? बरं नाही वाटत?"

"बस. ऐक, आणि मध्ये बोलू नकोस." सासूबाईंनी कपाटाकडे बोट केलं. "ते गुण मला तुझ्याकडून नाही ऐकू आले. त्या बाजूने आले. तिथे कुणी नव्हतं. मी तुला सांगितलं नाही, कारण तुम्ही मला खुर्चीत बसवलं असतं. आता बसवायचं तर बसवा. कान गेले असतील माझे. डोकंही गेलं असेल."

सुनेच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "आई, काहीतरीच काय! खुर्ची कसली?"

"नाटकं नकोत. हे घे." सासूबाईंनी कमरेचा जुडगा सोडला. दोन्ही किल्ल्या तळहातावर घेतल्या, बराच वेळ बघितल्या. मग कोठीची सुनेच्या हातात ठेवली आणि कपाटाची परत कमरेला खोचली. एवढ्यात सगळंच सोडायला त्या काही मेल्या नव्हत्या.

सून हातातल्या किल्लीकडे बघत राहिली.

सुनेने मान वर केली. "काय म्हणालात?"

"मी कुठं काय म्हणाले?"

"आत्ता म्हणालात ना, 'अर्धा'?" सून पदराने डोळे पुसत हसली, पण हसू मध्येच थांबलं. ती सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होती. मग हळूच तिची नजर त्यांच्यावरून निघून कपाटाकडे गेली. "तुमचाच आवाज होता, आई."